साक्षीदाराला पूड नाही

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीच्या कट्ट्यावर बारा महिने काळ्या बिया वाळत घातलेल्या असायच्या. वर्तमानपत्राचा एक कागद, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार रिकाम्या बाटल्या आणि मध्ये पसरलेल्या पपईच्या बिया. नव्या मुलांना वाटायचं, हाही अभ्यासक्रमातलाच कुठलातरी प्रयोग असेल. तो अभ्यासक्रमातला नव्हता. तो धोत्रे मामांचा होता.

धोत्रे मामा आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. आमच्याकडे शिपाई, परिचर सगळ्यांनाच मामा म्हणतात. कॉलेज ठाण्यात, माजिवड्याजवळ, आणि मामा राहायचे खडवलीला, स्टेशनपासून बरंच आत, नदीच्या बाजूला. तिथे सहा-सात घरं डुकरं पाळायची, त्यातलं एक मामांचं. नोकरी सांभाळून त्यांच्याकडे दहा-बारा जनावरं असत. गेल्या वर्षी मे अखेरीला ते निवृत्त झाले आणि मुलीकडे बार्शीला राहायला गेले. डुकरं आता त्यांचा पुतण्या बघतो.

मला असं काही लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. पण मामांबद्दल कोणीतरी लिहायला हवं असं मला वाटत राहतं. त्यांनी मला एकच पद्धत शिकवली, जेवढं दिसलं तेवढं लिहायचं. तेवढं जमेल.

मामा बुटके, रुंद खांद्यांचे. खाकी शर्टाच्या खिशात लाल आणि निळं अशी दोन पेनं. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे, पण बरण्यांवरच्या चिठ्ठ्या ते अक्षरांच्या आकारावरून ओळखत आणि कधी चुकत नसत. शिवाय प्रत्येक नमुन्याला त्यांनी आपलं नाव दिलेलं होतं. पट्टकृमी म्हणजे ‘फीत’, मेंढीच्या यकृतातला चपटा कृमी म्हणजे ‘पान’ आणि डुकराच्या पोटातला लांब गोल जंत म्हणजे ‘पांढरा’. आम्हाला शिकवणाऱ्या कर्णिक मॅडमनी लॅटिन नाव सांगितलं की मामा बरणी आणता आणता पुटपुटत, “पांढरा हवाय त्यांना.” सूक्ष्मदर्शकाची भिंगं ते एका जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने पुसत. कॉलेजने दिलेला भिंगाचा कागद कपाटात तसाच पडून होता. हे लुगडं त्यांच्या बायकोचं, हौसाबाईंचं, हे मला फार उशिरा कळलं.

मामा पहिल्यांदा माझ्या लक्षात राहिले ते पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या का तिसऱ्या प्रात्यक्षिकाला. कर्णिक मॅडमनी टेबलावर पांढऱ्याची बरणी ठेवली आणि विचारलं, हा कुठे सापडतो? पुढच्या बाकावरच्या मुलीने पुस्तकातलं उत्तर दिलं, डुकराच्या लहान आतड्यात. मॅडम पुढे बोलणार तेवढ्यात मागे बेसिनपाशी काचेच्या बशा धुणारे मामा म्हणाले, “माझ्या.”

सगळा वर्ग हसला. मामांनी वळून बघितलं. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते आमच्याहून जास्त हसले. मग हात पुसत म्हणाले, “माझ्या डुकरांच्या, असं म्हणायचं होतं.”

मी हसले नव्हते. मी घाबरले होते. आदल्याच आठवड्यात वर्गात ओळख करून देताना मी वडील सुपरवायझर आहेत असं सांगितलं होतं. बाबा माजिवड्याच्या एका सोसायटीत वॉचमन आहेत, कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर. त्या रस्त्याने मी मैत्रिणींबरोबर कधी जात नसे. आणि इथे हा माणूस कोणी विचारलेलं नसताना वर्गाला आपली डुकरं सांगत होता.

कॉलेजला दरवर्षी नवे जंत लागायचे, कारण प्रात्यक्षिकात मुलं ते कापून बघतात. जूनमध्ये मामा खाटकाकडे जाऊन आपल्याच विकलेल्या डुकरांच्या आतड्यांतून ते काढून आणत. “कॉलेजला पांढरे हवेत, मला नकोत,” ते म्हणायचे. “नोकरी इकडची करतो आणि देवाला मागणं तिकडचं.” जंतांनी काय होतं हे त्यांनी मला ज्या शब्दांत सांगितलं तसं कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही. म्हणाले, “पिल्लू खातं आणि अंगाला लागतं जंताच्या.” पिल्लाचं पोट सुटतं, पाठ मात्र करवतीसारखी राहते, केस राठ होतात. लहान जंत फुप्फुसातून जातात तेव्हा पिल्लू खोकतं, अगदी माणसाच्या पोरासारखं.

यावर हौसाबाईंची पूड होती. हौसाबाईंना ती त्यांच्या आईकडून मिळालेली. पपईच्या वाळवलेल्या बिया, पळसाच्या चपट्या बिया म्हणजे पळसपापडी, वावडिंग आणि सुकवलेला लसूण. हे सगळं कुटायचं आणि गुळाबरोबर भाताच्या कोंड्यात कालवून तीन दिवस सकाळी घालायचं. पळसपापडी आणि वावडिंग मामा कल्याणच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणत. पपईच्या बिया मात्र ठाण्यातूनच मिळत. कॉलेजच्या फाटकासमोर कापलेल्या फळांच्या डिश विकणारा रामलखन त्यांच्यासाठी दिवसभराच्या बिया एका डब्यात जमवून ठेवायचा.

वाळलेली पपईची बी हुबेहूब काळ्या मिरीसारखी दिसते. एकदा वनस्पतिशास्त्राचे एक सर सर्दीने हैराण झाले होते. त्यांनी खिडकीतल्या ‘मिऱ्या’ बघितल्या, मूठभर नेल्या आणि तीन दिवस त्यांचा काढा करून प्यायले. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेत येऊन म्हणाले की घसा एकदम मोकळा झाला, कुठून आणता हो मिरी, फार सौम्य आहे. मामांनी त्यांना शांतपणे खरं काय ते सांगितलं. सर गेल्यावर मला म्हणाले, “घशाचं माहीत नाही. जंत मात्र राहणार नाहीत सरांना.”

हौसाबाई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्या गेल्यावर मामांची एक पंचाईत झाली. पुडीत काय घालायचं ते त्यांना ठाऊक होतं, पण किती घालायची ते हौसाबाईंच्या मुठीत होतं. पिल्लाला एक मूठ, मोठ्या जनावराला दोन. मामांनी आपल्या मुठीने घातली. मामांचा पंजा फावड्यासारखा. दोन डुकरिणी ओकल्या आणि दोन दिवस खाण्याला तोंड लावेनात. त्यानंतर त्यांनी हात आखडता घेतला. बिया वाळवायचे, कुटायचे, डब्यात भरायचे, आणि घालताना चिमटीने घालायचे.

आजूबाजूच्या घरांतले लोक त्यांच्याकडे पूड मागत. पुतण्या संजू तर मागेच लागला होता. दुकानातलं औषध महाग पडतं आणि डॉक्टर इतक्या आत येत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मामा देत नसत. काकी देत होती ना, तो विचारायचा. ती देत होती, मी मोजलं नव्हतं, एवढंच मामा म्हणायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला नुस्खा दडवायचा आहे.

मला खरं कारण कळलं ते तिसऱ्या वर्षी. आम्हाला परोपजीवींचा विषय होता आणि विष्ठेतली जंतांची अंडी मोजायची पद्धत शिकवली होती. विष्ठा मिठाच्या घट्ट द्रावणात कालवायची, गाळायची आणि थांबायचं. घाण खाली बसते, अंडी वर तरंगतात. मग वरचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. मी द्रावणासाठी पिशवीतून मूठभर मीठ घेतलं आणि चंचुपात्रावर हात नेला.

“थांब,” मामा म्हणाले. “मूठ उघडू नकोस.”

मला वाटलं माझी काहीतरी चूक झाली. मामा जवळ आले आणि माझ्या मिटलेल्या हाताकडे वाकून बघत राहिले. हात धरला नाही, नुसतं बघितलं. मग म्हणाले, “एवढीच होती.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुडीचा डबा आणला. मी दहा वेळा मूठ भरली आणि दहाही वेळा ती प्रयोगशाळेच्या काट्यावर तोलली. मॅडमनी सरासरी काढायला सांगितली. तो आकडा मामांनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिला आणि त्याला लाल पेनाने चौकट करायचा प्रयत्न केला. लाकडावर पेन उठलं नाही.

मग म्हणाले, “आता मोजायचं का खरं? तुला अंडी मोजता येतात, मला निवृत्त व्हायला एक वर्ष आहे. नंतर मला हे यंत्र कुठलं मिळायला.” मी म्हटलं, मामा, लागू पडत असेलच की, इतकी वर्षं देत होत्या. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी आणखी कोणाला सांगितलं असेल असं वाटत नाही. म्हणाले, “पूड चांगली आहे म्हणून मला चांगली वाटते, का हौसाची आहे म्हणून वाटते, हेच मला कळत नाही. मलाच कळत नाही तर दुसऱ्याच्या जनावराला कशी देऊ?”

कर्णिक मॅडमनी माझा तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प म्हणून याला परवानगी दिली. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा आमची. मामा खडवलीहून झाकणाच्या डब्यांतून विष्ठेचे नमुने आणत. जेवणाचा डबा एका पिशवीत, हे डबे दुसऱ्या पिशवीत, आणि नमुन्यांसाठीच्या चहाच्या गाळणीला लाल दोरा बांधलेला. फाटकावरच्या रखवालदाराने एकदाच त्या दुसऱ्या पिशवीत डोकावून बघितलं. नंतर तो मामांना लांबूनच हात करायचा.

अंडी तरंगायला वीसेक मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत मामा बोलायचे. ‘साक्षीदार’ हा शब्द मी तिथेच ऐकला. एका वेतातली आठ पिल्लं घ्यायची, सहांना पूड घालायची आणि दोघांना घालायची नाही, हे मॅडमनी सांगितलं होतं. आमच्या पुस्तकात त्या दोघांना ‘कंट्रोल’ म्हणतात. मामांना तो शब्द पटला नाही. कंट्रोलच्या दुकानात तर पूर्वी रेशनचं रॉकेल मिळायचं, ते म्हणाले. “हे दोघं साक्षीदार. काही न घालता काय होतं ते हे सांगणार.”

साक्षीदार म्हणजे काय ते मामांना चांगलं माहीत होतं. तरुणपणी खडवलीच्या रस्त्यावर एका टेंपोने सायकलवाल्याला उडवलेलं त्यांनी बघितलं होतं. बघणारे पाच जण होते. खटला कल्याणच्या कोर्टात उभा राहीपर्यंत चार जणांना काही आठवेनासं झालं. टेंपोवाला मामांच्या घरीही मिठाईचा पुडा घेऊन आला होता. हौसाबाईंनी पुडा उघडून न बघता तो त्याच्याच हातात परत दिला. मामा दर तारखेला गेले, दर वेळी दिवसभर बाकावर बसले आणि शेवटी बोलावलं तेव्हा जेवढं दिसलं तेवढं सांगितलं. टेंपो किती वेगात होता असं वकिलाने विचारलं तेव्हा, मला वेग मोजता येत नाही, पण चप्पल पार कुंपणापलीकडे पडली होती, असं म्हणाले. “बाकीचे चार फितूर झाले,” मामा सांगायचे. “वाईट माणसं नव्हती. मऊ माणसं होती.”

तेव्हा मला त्याचा अर्थ नीट कळला नव्हता.

पहिली चाचणी दिवाळीच्या सुट्टीत झाली. आधीची मोजणी झाली होती. आठही पिल्लांना जंत होते, काचपट्टीवर तपकिरी, सुकलेल्या बोरासारख्या खडबडीत अंड्यांची गर्दी होती. पूड घालायचे तीन दिवस मी रोज सकाळी कळव्याच्या घरून खडवलीला जायचे. साक्षीदारांचा गाळा वेगळा होता आणि त्यांच्या पाठीवर मामांनी प्रयोगशाळेतल्या जांभळ्या औषधाचा पट्टा ओढला होता. त्या गाळ्याच्या वर फळीवर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचं पाकीट होतं. साक्षीदाराने खाणं सोडलं तर चाचणी तिथेच थांबवायची आणि गोळी घालायची, हे मामांनी आधीच ठरवलं होतं. मामा आपल्या जनावरांना नावं ठेवत नसत. सगळी विकायची असतात, म्हणायचे.

साक्षीदारांतला एक लहानखुरा होता, कानाशी ठिपका असलेला. तो खायचा, पण खोकायचा. खोकताना पुढचे दोन्ही पाय आखडायचे. पहिल्या दिवशीच मी मनात त्याला ठिपक्या म्हणायला लागले. शेजारच्या गाळ्यात गूळ घातलेला कोंडा पडला की हे दोघे मधल्या फळीला नाक लावून उभे राहायचे. मामा ओला कोंडा घालून पुढे निघून जायचे. मी तिथेच उभी राहायचे.

दुसऱ्या दिवशी मामा हॉटेलातलं उरलेलं अन्न आणायला सायकलवरून गेले. मी दहा मिनिटं एकटी होते. मी डब्यात हात घातला, मूठ भरली आणि ठिपक्याच्या पाटीत टाकली. एकाला घालताना दुसरा येतोच, म्हणून दुसऱ्यालाही घातली. तिसऱ्या दिवशीही घातली. मला वाटलं, एवढ्याशा जिवाला मुद्दाम आजारी का ठेवायचं. मला स्वतःबद्दल चांगलंही वाटलं, हे लिहायला हवं.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा मोजलं. पूड घातलेल्या सहांचे आकडे उतरले होते. मी खूश झाले. मग साक्षीदारांच्या काचपट्ट्या लावल्या. त्यांचेही तेवढेच उतरले होते.

कर्णिक मॅडमनी वही दोनदा चाळली. मामा समोर हात मागे बांधून उभे होते. मॅडम हळूच म्हणाल्या, “आकडे असं सांगतायत धोत्रे, की पूड न देताही तेवढीच घट झाली. वय असेल, हवामान असेल. पण श्रेय पुडीला देता येणार नाही.”

“बरोबर आहे मॅडम,” मामा म्हणाले. आणि बशा धुवायला गेले.

मी तिथेच उभी होते. साक्षीदाराचा आकडा न उतरणं हीच पुडीच्या बाजूची साक्ष, हे मला पुस्तकातून तोंडपाठ होतं. पण आपण काय केलं ते मला त्या क्षणी कळलं, आणि कळलं म्हणूनच तोंड उघडलं नाही.

सोमवारी खिडकीचा कट्टा रिकामा होता. कागद नाही, बाटल्या नाहीत. मंगळवारीही नाही. बुधवारी कॉलेज सुटल्यावर मी फाटकाबाहेर आले तर रामलखन पपई कापत होता आणि बिया चमच्याने काढून सरळ कचऱ्याच्या पिंपात टाकत होता. मी विचारलं, मामांच्या डब्यात का नाही टाकल्या?

“मामाने मना किया,” तो म्हणाला. “बोले, अब जरूरत नहीं.”

मी परत जिना चढले. मामा भिंगं पुसत होते.

“मामा, मी साक्षीदारांना पूड घातली.”

त्यांचा हात थांबला नाही. “कधी?”

“तुम्ही सायकलवर गेलेलात तेव्हा. दोन दिवस. एकेक मूठ.”

“का?”

“ठिपक्या खोकत होता.”

“कोण ठिपक्या?”

मामांनी लुगड्याच्या तुकड्याची घडी केली आणि खिशात ठेवली. “नाव ठेवलंस,” ते म्हणाले. “तिथंच झालं.”

त्यांनी खिडकीच्या रिकाम्या कट्ट्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, “हौसानंही घातली असती. तिच्यासमोर कोणाला उपाशी ठेवायची सोय नव्हती. म्हणून तर ती असताना मला कधी साक्षीदार ठेवता आला नाही.” आणि जरा हसले. “म्हणजे आपले साक्षीदार फितूर झाले म्हणायचे.”

“ते नाही मामा. फितूर मी झाले.”

मामांनी मान हलवली. “मी चार फितूर बघितलेत पोरी. फितूर झालेला परत येऊन सांगत नाही.”

मी रडले. मामांनी मला रडू दिलं, बेसिनचा नळ मात्र सोडून ठेवला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. नंतर एवढंच म्हणाले की मॅडमना तू सांगायचंस, मी सांगणार नाही. मी सांगितलं. मॅडमनी वहीतलं पान फाडू दिलं नाही. त्यावर लाल रेघ मारायला लावली आणि समासात कारण लिहायला लावलं. “चाचणी करणारीने साक्षीदारांना पूड घातल्यामुळे रद्द.” माझ्याच अक्षरात. साक्षीदार हा शब्द मॅडमनी तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर पुन्हा बिया होत्या.

दुसरी चाचणी पुढच्या वेताची पिल्लं तीन महिन्यांची झाल्यावर, म्हणजे मार्चमध्ये सुरू झाली. मामांच्या हातात आता फक्त तेवढाच वेळ होता. पुन्हा चूक झाली असती तर तिसरी संधी नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. या वेळी मामांनी साक्षीदारांच्या गाळ्याला कुलूप लावलं. मला वाटलं, बरोबरच आहे. मग त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

“मला कशाला?” मी विचारलं.

“माझ्याकडे ठेवून काय उपयोग? माझा हात जाणार नाही. किल्ली ज्याचा हात जातो त्याच्याकडे पाहिजे.”

त्या तीन दिवसांत ओला कोंडा घालायला कुलूप मीच उघडायचे आणि मीच लावायचे. मामा मुद्दाम सायकल काढून जायचे. साक्षीदार खोकले. मी त्यांना कोंडा आणि पाणी घातलं, गाळा झाडला आणि बाहेर येऊन कुलूप लावलं. मी नाव ठेवलं नाही. चौथ्या दिवशी किल्ली मामांना परत दिली. पहिल्या वेतातला ठिपक्या तोपर्यंत विकला गेला होता. तेही मामांनी मला लपवून न ठेवता सांगितलं होतं.

आमची परीक्षा तोंडावर असताना शेवटची मोजणी झाली. पूड घातलेल्या सहांपैकी पाचांची अंडी बरीच उतरली होती, पूर्वीच्या पाव हिश्शावर. एकाची उतरलीच नव्हती. साक्षीदारांची होती तेवढीच होती, एकाची तर थोडी वाढली होती. मी आकडे मोठ्याने वाचले. मामांनी साक्षीदारांचे आकडे पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा वाचले. मग ते स्टुलावर बसले. मी त्यांना प्रयोगशाळेत कधी बसलेलं बघितलं नव्हतं.

“शून्य कोणाचंच नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“आणि त्या एकाला लागू पडली नाही.”

“नाही मामा.”

“मग तसंच लिही. हौसाची आहे म्हणून शून्य लिहू नकोस.” आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “पण आहे तिच्यात काहीतरी.”

“आहे,” मी म्हटलं.

त्याच आठवड्यात पुढच्या शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी वॉचमन लिहिलं. हे मामांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

मी मामांना शेवटचं बघितलं ते मे महिन्यात, निवृत्तीच्या आदल्या रविवारी, खडवलीला. त्यांनी आजूबाजूच्या घरांतल्या लोकांना बोलावलं होतं. सगळे अंगणात उकिडवे बसले होते. मामांनी प्रत्येकाला पुडीची एकेक पिशवी दिली आणि सांगितलं की ही जंत कमी करते, संपवत नाही. एखाद्याला लागूही पडत नाही. पिल्लू फार खंगलं तर डॉक्टरची गोळीच घालायची, आणि गाळा रोज झाडला नाही तर गोळीही उपयोगाची नाही. संजू म्हणाला, काका, एवढं सांगून कोण घेईल तुमची पूड? मामा म्हणाले, “घेऊ नको. पण मग उद्या येऊन फसवलं म्हणू नको.” सगळ्यांनी घेतली. संजूने दोन पिशव्या घेतल्या.

लोक गेल्यावर मामा मला साक्षीदारांच्या गाळ्याकडे घेऊन गेले. किल्ली पुन्हा माझ्या हातावर ठेवली. कुलूप मी उघडलं. जांभळा पट्टा पिल्लांच्या पाठीवर अजून फिकट दिसत होता. मामांनी खाली बसून एकाची पाठ ओल्या फडक्याने घासली. रंग गेला नाही. “राहू दे, जाईल आपोआप,” ते म्हणाले. “साक्ष झाली यांची.”

मग त्यांनी गूळ घातलेला कोंडा पाटीत ओतला आणि पुडीचा डबा माझ्यापुढे धरला. त्यांनी नवा छोटा काटा विकत आणला होता, तो तिथेच फळीवर होता, गोळ्यांच्या पाकिटाशेजारी. मी काट्याकडे हात नेला.

“काटा राहू दे,” मामा म्हणाले.

मी डब्यात हात घातला आणि मूठ भरली. दोन्ही पिल्लं माझ्या पायांत घुसली होती. मामा पूर्वीसारखेच वाकले आणि माझ्या मिटलेल्या हाताकडे बघत राहिले. मी थांबले. त्यांचं बघून होईपर्यंत थांबले.

“हं,” मामा म्हणाले. “आता उघड.”